कुत्र्याला ठरल्या वेळी कोरडे दाणे पाडून देणारं ऑटोमॅटिक फीडर मार्चपासून वापरून राहिलोय: मशीन बरं आहे, झाकणाचं रबर एकदम भंगार

कंपनीने माझी तक्रार परस्पर 'रिझॉल्व्ह्ड' करून बंद केली म्हणून हे लिहून राहिलो, नाहीतर एवढं टाईप करायचा मला कंटाळाच आहे. मशीन तेच, पांढरं, चार लिटरचं, ॲपवालं, आजकाल ज्याच्या त्याच्या घरी दिसतं ते, त्यामुळे स्पेक्स सांगत बसत नाही. नाव पण लिहीत नाही, कारण सारखं दिसणारं मशीन वेगवेगळ्या स्टिकरखाली विकायला आहे आणि रबर सगळ्यांचं तेच असणार असा माझा पक्का संशय आहे.

आमचा गब्बू लॅब्रॅडॉर, पाच वर्षांचा, नसबंदी झालेला, मशीन घेतलं तेव्हा ३६ किलो. आम्ही नवरा-बायको नागपुरात मिहानला नोकरीला, सकाळी गेलो की संध्याकाळी येणार. घरी आई असते, आणि आईचा हिशोब सरळ आहे, कुत्रं आपल्याकडे पाहून राहिलं म्हणजे त्याला भूक लागली. लॅब तर पाहतच असतो ना बाप्पा! या जातीतल्या बऱ्याच कुत्र्यांमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडाच गायब असतो, केंब्रिजवाल्यांनी २०१६ मध्ये शोधून काढलं, साधारण चार लॅबमागे एकात. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचतच नाही. गब्बूत तो तुकडा आहे का नाही ते मी तपासलं नाही, पण तो ज्या पद्धतीने रिकामं भांडं पूर्ण हॉलभर ढकलत नेतो ते पाहिलं की टेस्टवर पैसे घालवावेसे वाटत नाहीत.

सेमिनरी हिल्सला व्हेटरनरी कॉलेजच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी माझाच हात धरून त्याच्या फासळ्यांवर फिरवला. हलकी बोटं फिरवली तर फासळ्या लागल्या पाहिजेत, वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. गब्बूला दोन्हीचा पत्ता नाही. मग त्यांनी कागदावर हिशोब करून दिला, तो इथं टाकून ठेवतो कारण मला कोणत्याच पिशवीवर सापडला नव्हता: जे वजन पाहिजे त्याचा ०.७५ घात, गुणिले ७०. आमचं टार्गेट ३२ किलो, त्याला येतात साधारण ९४० कॅलरी, आणि उतरवायचं असेल तर दिवसाला तेवढंच. आमच्या दाण्याच्या पिशवीवर १०० ग्रॅमला ३५० कॅलरी छापल्यात, म्हणजे वरचं काही नसेल तर २७० ग्रॅम. वरचं खाणं एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांत बसवायचं, ते झालं ९४, म्हणजे आईच्या हातची तूप लावलेली एक पोळी. एकच. आणि ती दिली तर दाणे २४० वर आणायचे. पिशवीवरचा चार्ट मात्र त्याच्या वजनाला चारशेच्या वर ग्रॅम सांगून राहिला, आता तो चार्ट शेतावर पळणाऱ्या कुत्र्याचा असेल तर असेल, एसी नसलेल्या फ्लॅटमध्ये टाईल्सवर पसरलेल्या नसबंदीवाल्याचा नक्कीच नाही. (तुमच्या कुत्र्याचा आकडा तुमच्या डॉक्टरकडून घ्या, पिल्लू असेल, गाभण असेल तर हे गणित पूर्णच बदलतं.)

तर मशीन घेतलं ते यासाठी, की माप मशीनच्या हातात गेलं म्हणजे घरातली भांडणं संपतील.

माप! ॲपमध्ये ग्रॅम नाहीच, 'पोर्शन' आहे. पुस्तिकेत एक पोर्शन म्हणजे अंदाजे दहा ग्रॅम असं लिहिलंय, पण खाली फिरणाऱ्या चक्रीच्या एका खाचेत जेवढे दाणे मावतील तेवढं पडणार, मोठा दाणा असला तर कमी, बारीक असला तर जास्त. किचनच्या वजनकाट्यावर मोजलं तर आमचा मोठ्या जातीचा दाणा आठच्या आसपास पडत होता, आणि मधे स्वस्त म्हणून आणलेला बारीक दाणा बाराच्या. म्हणजे ब्रँड बदलला की जेवण दीडपट, आणि ॲप म्हणणार सगळं ओके. तुम्ही घेतलं तर एक पोर्शन मोजू नका, एकदम दहा पोर्शन पाडा, वजन करा, दहाने भागा, आणि नवीन पिशवी फोडली की परत करा.

पहिले काही आठवडे मी या मशीनला शिव्याच दिल्या. वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवालं चालतं, त्यासाठी राऊटरच्या सेटिंगमध्ये घुसावं लागलं. हाक रेकॉर्ड करायचं फीचर म्हणजे मला निव्वळ चोचला वाटला होता. बायकोने हौसेने "गब्बू, चल जेवायला" असं रेकॉर्ड केलं, आता ती खरीखुरी समोर उभी राहून हाक मारते तर तो आधी मशीनकडे पाहतो, यावरून घरात अजून बोलणी सुरू आहेत.

पण मत बदललं ते एप्रिलमध्ये. आधी हे पोट्टं पहाटे पाच वाजता आमच्या तोंडावर श्वास सोडायचं, जेवण द्या म्हणून. आता मशीन साडेपाचला पाडतं आणि तो मशीनसमोर जाऊन बसतो, आमच्याकडे येतच नाही. त्याच्या डोक्यात जेवणाचा मालक बदलला. सगळं जेवण एकदम न पाडता थोडं थोडं थांबून पाडायचं सेटिंग आहे, ते लावलं तर त्याचं घशाखाली लोटणं कमी झालं, खाऊन लगेच उलटी व्हायची ती बंद झाली. मोठ्या छातीच्या कुत्र्यांनी एकदम भरपूर आणि घाईघाईने खाल्लं तर पोट फुगून पीळ बसायची भीती असते, आणि तसं झालं तर तासांचा खेळ असतो, त्यामुळे हे सेटिंग मला ॲपमधल्या बाकी सगळ्या चमचमाटापेक्षा मोलाचं वाटतं. लाईन गेली तरी खाली जाड सेल टाकलेले असतात, वेळापत्रक मशीनच्या आत सेव्ह असतं, नेट नसलं तरी पाडतं. ऊन वाढलं तसं मी वेळा पहाटे आणि रात्री साडेआठ अशा सरकवल्या, दुपारचं बंद, कारण मे महिन्यात नागपुरात दुपारी माणसाला जेवण जात नाही तर केसाळ जनावराला काय जाणार. हे सगळं एका बोटात झालं. तेव्हा हे लिहिलं असतं तर पाच स्टार दिले असते.

आता रबर.

झाकणाच्या आतल्या कडेला एक खाच आहे आणि त्या खाचेत पांढरं सिलिकॉनचं रबर बसवलंय, पायजम्याच्या नाडीएवढं जाड. झाकण चौकोनी, कोपरे गोल. रबर मात्र कारखान्यात सरळ पट्टी कापून वाकवलेलं, त्याचा जोड नेमका एका कोपऱ्यावर येतो, आणि तिथे ते खाचेतून थोडं वर उचलल्यासारखं राहतं. सुरुवातीला नखाने दाबलं की बसायचं. उन्हाळ्यात ते आकसलं आणि जोडाच्या जागी फट पडली, माचिसची काडी आत जाईल एवढी. काडी घालून पाहिली म्हणून सांगतो.

आता पुण्या-मुंबईचे म्हणतील, उन्हाळ्यात कोरडी हवा, फट पडली तर काय बिघडलं. राजेहो, आमच्याकडे कूलर असतो. मार्च संपला की खिडकीला कूलर लागतो, खस भिजते, आणि जूनपर्यंत हॉलमध्ये ओलं वारं फिरतं. बाहेर ४५ आणि कोरडं ठक्क, आत पापड मऊ. त्याच हॉलमध्ये फीडर. दाण्यांना आधी वरून जरासा चिकटपणा आला, मग मुंग्यांना फट सापडली. झाकणात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवायला कप्पा दिलाय, पण एका फटीपुढे ती पुडी काय करणार, आठवड्यात फुस्स. (निळ्या गोळ्यांची पुडी घेऊ नका, तो निळा रंग बऱ्याचदा कोबाल्ट क्लोराईडचा असतो आणि ते विषारी आहे, पांढरी घ्या.)

तेव्हाच कस्टमर केअरला फोन केला. मॅडम म्हणाल्या, "सर, प्रॉडक्ट को ड्राय एरिया में रखना होता है." मी म्हटलं मॅडम घरात कूलर आहे. "सर, एसी का मॉइश्चर तो नहीं होता." एसी नाही हो, कूलर, कूलर! त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही मी काय बोलून राहिलो. अर्धा देश उन्हाळ्यात कूलरसमोर झोपतो आणि मशीन विकणाऱ्याच्या डोक्यात ही गोष्टच नाही.

बोंब झाली ती पोळ्याला. आम्ही सगळे काटोलला, आई पण सोबत, एका रात्रीचाच प्रश्न होता, मशीन भरलेलं, किल्ली शेजारच्या काकूंकडे. बाहेर पावसाची झड लागलेली. रात्री ॲपवर लाल खूण, अन्न अडकलं. काकूंना फोन केला. "अरे, तो मशीनसमोर बसूनच राहिला रे, त्याच्यातून तुझ्या बायकोचा आवाज येते पण जेवण काही येत नाही. सावजीचा रस्सा आहे, भातावर देऊ का थोडा?" मी इकडून ओरडलोच, नका देऊ काकू! कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, शिजवलेला असला तरी, पावडर असली तरी, आणि सावजी म्हणजे कांदा-लसूण सोडून काय असतं. वर शिजवलेली हाडं, त्यांच्या टोकदार किरच्या होतात. काकूंनी साधा भात आणि उकडलेलं अंडं दिलं, तो विषय तिथं संपला.

घरी येऊन मशीन उघडलं तर चक्रीच्या खाचांमध्ये दाण्यांचा लगदा घट्ट बसलेला, करडा, कुबट वास, आणि जोडाच्या कोपऱ्याखाली पांढरी बुरशी. ती वरवरची काढून खालचे दाणे वापरायचे असं आई म्हणत होती, अर्धी पिशवी फेकायची म्हणजे तिच्या जिवावर येतं, माझ्याही येतं, तीन किलोच्या पिशवीचा भाव तुम्हाला माहीतच आहे. पण मका-शेंगदाण्यासारख्या मालावर येणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होऊ शकतं, ते लिव्हरवर जातं आणि उन्हात ठेवून किंवा भाजून निघत नाही. अमेरिकेत २०२० च्या डिसेंबरमध्ये याच कारणाने कुत्री दगावली आणि खाद्य बाजारातून परत मागवावं लागलं होतं. गेलं सगळं कचऱ्यात.

मग सर्व्हिस. ओलाव्याने झालेला बिघाड वॉरंटीत येत नाही. अरे, ओलावा ज्या फटीतून आला ती तुमचीच ना! फोटो पाठवले, फटीत काडी घातलेला व्हिडिओ पाठवला. त्यांनी पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला. कोण काढते हो कुत्र्याच्या भांड्याचा व्हिडिओ? शेवटी म्हणाले रबर वेगळं मिळत नाही, पूर्ण झाकण घ्या, ८९९ रुपये अधिक कुरिअर. साडेपाच हजारांचं मशीन, त्याच्या चार रुपयांच्या रबरासाठी नऊशे! आणि नवीन झाकणाला रबर तेच, जोड त्याच कोपऱ्यावर. मी नाही म्हटलं तर तक्रारीचं तिकीट बंद.

पुढच्या आठवड्यात इतवारीच्या बाजारात गेलो (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक असते, तेव्हा तिकडे फिरकायची सोय नव्हती, रस्ते पॅक). कुकरच्या स्पेअर पार्टवाल्याकडे झाकणच घेऊन गेलो. कुकरची रिंग गोल, ती बसेना. तो म्हणाला थांबा, आणि आतून खायच्या मशीनला वापरतात ती सिलिकॉनची दोरी काढली, मीटरवर मिळते. त्याने खाचेत घालून मापली, ब्लेडने तिरकी कापली, जोड कोपऱ्यावर न घेता सरळ बाजूच्या मधोमध आणला. साठ रुपये. झाकण लावताना आता हवा दबल्याचा आवाज येतो, कंपनीच्या रबराने तो नव्या मशीनलाही येत नव्हता. गणपती झाले, परतीचा पाऊस झाला, दाणे कुरकुरीत. मशीन बनवणाऱ्या इंजिनियरला जे सुचलं नाही ते इतवारीत गल्ल्यावर बसलेल्या माणसाला चहा संपायच्या आत सुचलं.

आणखी एक बदल केला तो म्हणजे पूर्ण चार लिटर भरणं बंद. दोन-तीन दिवसांचं भरतो, बाकी मूळ पिशवीतच, पिशवी दुमडून डब्यात. पिशवी फेकून सुटे दाणे डब्यात ओतू नका, पिशवीच्या आतलं अस्तर तेल लवकर खवट होऊ देत नाही आणि काही झालं तर बॅच नंबर तिच्यावरच असतो. चक्री रविवारी धुवायची, पूर्ण वाळवायची. प्लास्टिकच्या भांड्याऐवजी स्टीलचं ठेवलं, गब्बूच्या हनुवटीवर पुरळ यायचे ते गेले.

वजन परवा ३३ च्या थोडं वर भरलं. फासळ्या लागतात. आईची पोळी सुरू आहे, एक, कधी कधी सव्वा.

घ्यावं का? दिवसभर बाहेर असाल आणि घरात दोन-तीन जण लाडाने वाढणारे असतील तर घ्या, सेलमध्ये घ्या, पूर्ण भावात नको. शिजवलेलं किंवा ओलं खायला घालत असाल तर हे तुमच्या कामाचं नाही. मांजर असेल तर बारीक दाण्याचं माप आधी तपासा. आणि या भरवशावर कुत्र्याला दोन दिवस एकटं सोडून जायचा विचार असेल तर नका, किल्लीवाली काकू लागतेच.

माझ्याकडून तीन स्टार. रबर नीट असतं तर साडेचार. दोरी कोणाला पाहिजे असेल तर ४ मिलिमीटर गोल, पांढरी, खाण्याच्या वापराची मागा, सव्वा मीटर घ्या, आणि झाकण सोबत न्या, नुसतं माप सांगून काम होत नाही.