श्वान पथकाला मदत: पिल्लू घेऊन द्यावं की खर्च उचलावा?

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या आमच्या काही सोसायट्यांनी पोलिसांच्या श्वान पथकासाठी वर्गणी काढायचं ठरवलं आणि पहिल्याच सभेत दोन तट पडले. एका गटाला लॅब्रॅडॉरचं पिल्लू भेट द्यायचं होतं, दुसऱ्याला औषधपाण्याचा खर्च उचलायचा होता. तुमच्याकडेही हाच विचार चालू असेल, तर आमची तुलना उपयोगी पडेल.

पिल्लाचं काम एकदाच असतं. पैसे जमले, दिले, हिशेब मिटला. वर्गणीदारांनाही आपण काय दिलं ते डोळ्यांनी दिसतं. पण प्रत्येक पिल्लू वासाच्या कामाला चालत नाही. स्फोटकं शोधणारा श्वान वेगळा, अमली पदार्थांचा वेगळा, माग काढणारा वेगळा. कोणता हवा हे पथकालाच ठाऊक. ओळखीच्या ब्रीडरकडून आपणच पिल्लू आणलं आणि ते चाचणीत बसलं नाही, तर त्याचं करायचं काय? द्यायचंच असेल तर निवड पथकाला करू द्या, आपण फक्त बिल भरा. पुढे हँडलरसोबत, म्हणजे श्वान सांभाळणाऱ्या पोलिसासोबत, सहा ते नऊ महिन्यांचं प्रशिक्षण आणि त्यानंतर आठेक वर्षांची नोकरी. त्यापुढे पिल्लाची किंमत किरकोळ आहे.

खरा खर्च कुठे होतो ते मला जुलैत केनलवर, म्हणजे श्वान ठेवतात तिथे, कळलं. हँडलर एका कुत्रीचा कान उलटा करून घडीत बोट फिरवत होते. मग पंजाच्या बेचक्या, मग शेपटीखाली. “एक गोचीड राहिली तरी ताप येतो, ताई. पावसाळ्यात रोज बघावं लागतं.” गोचिडाच्या तापाने कुत्रा खाणं सोडतो, रक्त कमी होतं, आठवडेच्या आठवडे कामावर जाता येत नाही. साचलेल्या पाण्यातून लेप्टोचं भय, म्हणून दरवर्षी लस. यातली एकही गोष्ट भेट म्हणून मिरवता येत नाही. खर्चच उचलावा, हे माझं मत तिथेच पक्कं झालं.

अमेरिकेत छोट्या गावांतले पोलीस श्वान बऱ्याचदा देणग्यांतूनच येतात आणि देणगीदार त्यांना बुलेटप्रूफ जॅकेटही देतात. आमच्यातही कुणीतरी ते सुचवलं. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो. ठाण्याच्या मे महिन्यात त्याच्या अंगावर वजनदार जॅकेट चढवण्यापेक्षा केनलला सावली, पंखा आणि गार पाणी द्यावं. तिकडे श्वान बहुधा हँडलरच्या घरीच राहतो, आपल्याकडे केनलमध्ये. त्यामुळे केनलवर केलेला खर्च आपल्याकडे जास्त कामी येतो.

खर्च उचलण्यातही धोका आहे: उत्साह दुसऱ्या वर्षी ओसरतो. 40 सोसायट्यांनी दरमहा 500 रुपये दिले तर 20,000 जमतात, पण निम्म्या थांबल्या की औषधंही थांबतात. म्हणून एकरकमी 10 लाख जमवता आले तर मुदत ठेवीत टाका. सात टक्के दर मिळाला तर वर्षाला 70,000 व्याज येतं, मुद्दल शाबूत राहतं. रोख कुणाच्या हातात देऊ नका. पोलीस आयुक्तालयाची लेखी परवानगी घ्या, पशुवैद्याचं आणि औषधांचं बिल नोंदणीकृत ट्रस्टमधून थेट भरा. आणि पैसे दिले म्हणून आमच्या चोरीला श्वान आधी पाठवा, ही अपेक्षा सभेतच मोडून काढा.

शेवटी म्हातारपण. 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधणारा मुंबई पोलिसांचा झंजीर 2000 मध्ये गेला. 26/11 ला काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर निवृत्तीनंतर विरारच्या एका फार्मवर प्राणिप्रेमींनी सांभाळले. चौघेही 2016 मध्येच गेले. लॅब्रॅडॉरला उतारवयात सांधेदुखी सर्रास होते, आणि तेव्हा तो नोकरीवर नसतो. आमच्या ठरावात “सेवेतील श्वानांसाठी” असं लिहिलं होतं. पुढच्या सभेत आम्ही त्यात “व निवृत्त” हे शब्द घालून घेतले. तुम्ही ते पहिल्याच मसुद्यात घाला.