'सनसेट बुलेव्हार्ड' की 'ऑल अबाउट ईव्ह': आधी कोणता बघावा?

जुन्या हॉलिवूडचं वेड असलेली चार माणसं जमली आणि १९५० सालाचा विषय निघाला, की दोन तट पडलेच म्हणून समजा. एक बिली वाइल्डरच्या 'सनसेट बुलेव्हार्ड'चा, दुसरा जोसेफ मँकिविझच्या 'ऑल अबाउट ईव्ह'चा. दोन्ही कृष्णधवल, दोन्हींत वयाची धास्ती घेतलेली एक मोठी नटी, दोन्ही गोष्टी शेवटाकडून सुरू होऊन मागे जाणाऱ्या. त्यामुळे ज्याने यातला एकही पाहिलेला नाही तो हमखास विचारतो, आधी कोणता बघू? माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी 'सनसेट'. फक्त नाटकवेड्यांनी ते ऐकू नये. त्यांच्याकडे नंतर येते.

पहिलं कारण भाषेचं. 'ईव्ह' हा कानांनी बघायचा चित्रपट आहे. १३८ मिनिटं माणसं बोलत असतात, आणि काय बोलतात! जॉर्ज सँडर्सने केलेला नाट्यसमीक्षक तर आवाज तसूभरही न चढवता समोरच्याची सालटी काढतो. सबटायटल वाचत बसलात तर ओळ वाचून होईपर्यंत चेहऱ्यावरची रेघ पुसली गेलेली असते. 'सनसेट' ११० मिनिटांचा, आणि त्यातलं पुष्कळसं नुसत्या डोळ्यांना कळतं. सुरुवातीलाच पोहण्याच्या तलावात प्रेत तरंगताना दिसतं, आणि थोड्याच वेळात लक्षात येतं की गोष्ट सांगणारा आवाज त्या मेलेल्या माणसाचाच आहे. असं काही दिसल्यावर कोण उठून जाईल?

पण मी 'सनसेट'चं नाव घेते ते एका दृश्यासाठी. ग्लोरिया स्वान्सनची नॉर्मा डेस्मंड ही मूकपटांच्या काळातली तारका. बोलपट आले आणि तिचं राज्य गेलं. परत काम मिळेल या आशेने ती पॅरामाउंट स्टुडिओत जाते. दिग्दर्शक सेसिल बी. डिमिल, खुद्द तेच, स्वतःच्याच भूमिकेत, तिला आपल्या खुर्चीत बसवून फोन करायला जातात. तेवढ्यात मागून मायक्रोफोनचा दांडा सरकत येतो आणि तिच्या हॅटच्या पिसाला घासून जातो. ती वळून बघते, हाताने त्याला दूर लोटते. याच वस्तूने तिचं सगळं हिरावून घेतलं, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मग वर दिवे सांभाळणारा एक म्हातारा तिला ओळखतो, झोत तिच्यावर वळवतो, आणि सेटवरची जुनी माणसं तिच्याभोवती गोळा होतात. डिमिल परत येतात आणि दिवा होता तिथे वळवायला सांगतात. बस्स. हे मी कितीदा तरी पाहिलंय, तो झोत हलला की अजूनही घसा दाटतो.

स्वान्सनचा अभिनय भडक आहे, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. नॉर्माचे ते पंजासारखे वळलेले हात, विस्फारलेले डोळे ही मूकपटाची बोली आहे, आणि नॉर्माला दुसरी बोली येतच नाही. स्वान्सनला मात्र येते. मध्येच नॉर्मा चॅप्लिनची नक्कल करते, तेव्हा ती किती हलकी, किती नेमकी होते ते बघा! स्वान्सन स्वतः मूकपटांची मोठी तारका होती. नॉर्मा घरात पडदा लावून आपला जुना चित्रपट बघते, तो खरोखरचा, 'क्वीन केली' नावाचा. त्याची नायिका स्वान्सन आणि दिग्दर्शक एरिक फॉन स्ट्रोहाइम. इथे नॉर्माच्या बटलरचं काम करतात ते हेच स्ट्रोहाइम. तो बटलर मुळात कोण, हे इथे सांगत नाही.

आता नाटकवेडे. प्रयोग संपल्यावर ग्रीनरूमच्या दाराशी घुटमळलेला जो कुणी असेल त्याने सरळ 'ईव्ह' लावावा. ब्रॉडवेवर गाजत असलेली मार्गो चॅनिंग म्हणजे बेटी डेव्हिस. रोज प्रयोगाला येणारी एक गरीब, नम्र चाहती मार्गोला भेटते, ती तिला घरात आश्रय देते, आणि ही ईव्ह बघता बघता तिची बदली नटी होऊन बसते. मार्गोची भूमिका आधी क्लॉडेट कोल्बेअर करणार होती, तिच्या पाठीला दुखापत झाली म्हणून ती डेव्हिसकडे आली. आता तिथे दुसऱ्या कुणाची कल्पनाही करवत नाही.

माझ्या मावशीने हयातभर नाटकं पाहिली आहेत, तिला मी 'ईव्ह'च आधी दाखवला. गाडीच्या दृश्याला तिने मला थांबवलं, मागे घ्यायला लावलं. बर्फाळ रस्त्यात पेट्रोल संपून गाडी बंद पडलेली. फरकोटात गुरफटलेली मार्गो मैत्रिणीची, कॅरनची, आपल्या आततायी वागण्याबद्दल मनापासून माफी मागते. आणि कॅरनला ठाऊक आहे की टाकी तिनेच रिकामी केलीय, मार्गोचा प्रयोग चुकावा म्हणून. एरवी घर डोक्यावर घेणारी डेव्हिस इथे अगदी हळू बोलते. मावशी म्हणाली, "त्या दुसरीचं तोंड बघ गं."

ऑस्करचं म्हणाल तर 'ईव्ह'ला १४ नामांकनं आणि ६ पुरस्कार, 'सनसेट'ला ११ आणि ३. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीसाठी डेव्हिस, ॲन बॅक्स्टर (तीच ईव्ह) आणि स्वान्सन तिघीही होत्या. पुरस्कार नेला 'बॉर्न येस्टरडे'च्या जुडी हॉलिडेने. एकाच चित्रपटातल्या दोघींमुळे मतं फुटली, असं डेव्हिसचे चाहते आजही तळमळून सांगतात. माझं मत विचाराल तर तो डेव्हिसचाच होता. स्वान्सनकडे बघून थक्क व्हायला होतं, पण पार्टीत 'मी चाळीस वर्षांची आहे' हे मार्गोच्या तोंडून निघतं तेव्हा मला तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटतं.

दोन्ही एकाच दिवशी मात्र लावू नका, पहिल्याची धग दुसऱ्याला लागते. 'सनसेट' रात्री, दिवे मालवून, शक्यतो एकट्याने बघा. 'ईव्ह' चार जणांत बघा, हाताशी रिमोट ठेवून, कारण कुणीतरी 'काय म्हणाला तो?' असं विचारणारच.