हँडब्रेक ओढून पाहिल्याशिवाय जुनी गाडी घेऊ नका

जुनी गाडी घेताना आपण किलोमीटर, टायर, रंगाची डागडुजी आणि आरसी पाहतो. हँडब्रेक मात्र एकदा ओढून सोडून देतो, आणि विकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. पुण्यातल्या एका गाडीविक्रेत्याने मला याच सवयीवर फसवले. 2016 ची पेट्रोल हॅचबॅक, किंमत 3,85,000 रुपये. त्यांपैकी 10,000 टोकन दिले आणि 3,75,000 बँकेतून वर्ग केले. शिवाय ‘वॉरंटी’ म्हणून 7,500 रुपये घेतले, आणि ती फक्त इंजिन व गिअरबॉक्सला लागू होती. ब्रेक हा झिजणारा भाग, त्यामुळे तो त्यात बसत नाही, हे मागच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेले होते.

गाडी पाहायला गेलो तेव्हा तिच्या मागच्या चाकाखाली अर्धी वीट होती. तिथल्या पोऱ्याने मी जवळ पोचण्याआधीच ती पायाने बाजूला सारली. त्याच रांगेत, त्याच उतारावर उभ्या असलेल्या इतर एकाही गाडीखाली वीट नव्हती. हे दृश्य आजही डोळ्यांपुढून हलत नाही. मी विचारले, तेव्हा मालक म्हणाला, ‘साहेब, जास्त दिवस उभी गाडी हँडब्रेकवर ठेवली की शू ड्रमला चिकटतात.’ शू म्हणजे मागच्या चाकातल्या ब्रेकपट्ट्या, आणि ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे लोखंडी भांडे, ज्याला त्या आतून दाबून धरतात. हे चिकटणे खोटे नाही. पावसाळ्यात असे होते, आणि जाणकार माणसेही गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावतात. खऱ्या गोष्टीच्या आडून खोटे सांगितले, तर ते कोणाला कळणार? लिव्हर ओढून पाहिला, तर तो तीन टकांत, म्हणजे ओढताना तीनदा ‘टक’ वाजेपर्यंतच, घट्ट बसला. कोणीही समाधानाने मान डोलावली असती.

पुढे आमच्या सोसायटीच्या रॅम्पवर आईला उतरवण्यासाठी गाडी थांबवली, हँडब्रेक पूर्ण ओढला आणि पायाचा ब्रेक सोडला. आईचा एक पाय जमिनीवर असतानाच गाडी मागे सरकू लागली. मी ब्रेक दाबेपर्यंत मागची बाजू खांबाला लागली होती. आई दाराला धरून उभी राहिली म्हणून वाचली. या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाला कधीही माफ करणार नाही.

मेकॅनिकने ड्रम उघडले तेव्हा सगळे बाहेर आले. पायाचा ब्रेक दाबल्यावर ऑइलच्या दाबाने शू ढकलणारे दोन्ही व्हील सिलिंडर गळत होते आणि शू ब्रेक ऑइलने भिजलेले होते. शू बदलण्याऐवजी लिव्हरखालचा ॲडजस्टिंग नट शेवटच्या आट्यापर्यंत आवळला होता, त्यामुळे हाताला लिव्हर घट्ट लागे, पण भिजलेला शू ड्रमला धरत नसे. ऑइल कमी झाल्यावर डॅशबोर्डवर लागणारा लाल दिवाही कधी लागला नव्हता, कारण ऑइलच्या डबीवरील सेन्सरचा प्लग काढून नीट बाजूला बांधून ठेवला होता. नट सैल पडतो, प्लग निसटतो, पण प्लग स्वतःला बांधून घेत नाही. शू 1,650, सिलिंडर 1,900, ड्रम 3,600, केबल 2,250, ऑइल 350, मजुरी 1,800, असे 11,550 रुपये लागले. बंपर आणि मागच्या दिव्याचे 5,400 वेगळे.

विक्रेत्याने स्टँप पेपरवरील ‘जशी आहे तशी’ या शब्दांवर बोट ठेवले. चौकीत ‘हा दिवाणी मामला आहे’ असे सांगून अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. आरटीओत एका खिडकीवरून दुसरीकडे पाठवत राहिले. हस्तांतरणासाठी फॉर्म 29 आणि 30 पुरेसे, खाजगी गाडीची तपासणी 15 वर्षांनी नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी, एवढेच उत्तर. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परिवहन कार्यालयाचे अधिकृतता प्रमाणपत्र बंधनकारक आहे. या माणसाकडे ते आहे का, असे विचारले, तर समोरच्या कारकुनाने वर मानही केली नाही. ज्यांनी नियम राबवायचा, त्यांनाच तो ऐकून माहीत नसेल, तर सामान्य माणसाने दाद मागायची कोणाकडे? 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवलेली तक्रार ‘ग्राहकाने गाडी तपासून घेतली होती’ या विक्रेत्याच्या एका ओळीवर बंद झाली.

टेस्ट ड्राइव्हला चढ असलेला रस्ता तुम्ही ठरवा, त्यांना ठरवू देऊ नका. चढावर न्यूट्रलमध्ये हँडब्रेक ओढून पाय हळूच उचला आणि हेच तोंड उताराकडे करूनही पाहा. लिव्हर दोन-तीन टकांतच आवळला जात असेल, तर खुश होऊ नका, संशय घ्या. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ओला, काळपट डाग दिसला, तर सौदा तिथेच थांबवा. आपला मेकॅनिक बरोबर न्या; विक्रेत्याने दिलेला तपासणी अहवाल ही तपासणी नव्हे. चाकाखाली वीट असेल, तर ती कोणाला काढू देण्याआधी फोटो घ्या.

मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मेकॅनिककडून जुने शू, सिलिंडर आणि बांधलेल्या प्लगचा फोटो मागून घेतले होते, आता सगळा भरवसा त्यांच्यावरच आहे. तुमच्यावर अशी वेळ आलीच, तर काढलेला एकही भाग गॅरेजमध्ये टाकून येऊ नका.