जिप्सीले ४ थ्रॉटल बॉडी: काम अर्धं झकास, अर्धं बोगस

राजेहो, यवतमाळकडच्या एका वर्कशॉपमधून जिप्सीच्या १३०० सीसी इंजिनवर बाईकच्या जुन्या ४ थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपा, दर सिलिंडरले एक) बसवून घेतल्या. मॅनिफोल्डचं (हवा इंजिनात नेणाऱ्या नळ्यांचं) वेल्डिंग एक नंबर, दोन बॉडीमधलं अंतर इंजिनच्या पोर्टशी (हवा आत जायच्या भोकांशी) जुळत नव्हतं तं सुट्या करून नीट बसवल्या, अन् पाय ठेवला का गाडी अशी उचलते ना बाप्पा! पण आयडलिंगले सारं बोनेट थरथरे, काऊन तं व्हॅक्यूम गेज (हवेची ओढ मोजायचं मीटर) लावून चारही बॉडी सारख्या केल्याच नाही, अन् ब्रेक बूस्टरची (इंजिनच्या ओढीवर ब्रेक हलका करणाऱ्या भागाची) नळी एकाच रनरले (एका सिलिंडरच्या हवेच्या नळीले) जोडलेली, म्हणून ब्रेकचं पेडल दगडावानी. मंग मीच चारही रनरच्या नळ्या एका डब्यात आणल्या, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेनं जाऊ देणारा) लावला. इंजिनचं ट्यूनिंग MAP सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) नाही, थ्रॉटल सेन्सरवर (झडप किती उघडली ते सांगणाऱ्या) करून घ्या. अन् हवेचा फिल्टर पायजेच, पांदणीची धूळ लय वाईट. ५ पैकी ३.