घरचं फायबर, पावसाळा काढल्यानंतर: एमबीपीएस राहू द्या, आधी उणे २७ बघा

जानेवारीत कनेक्शन घेतलं तेव्हा लगेच लिहायचं मनात होतं. थांबलो ते बरं झालं, नाहीतर सरळ पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. उन्हाळा संपेपर्यंत या लाइनमध्ये खोट काढायला जागा नव्हती. प्लॅन नेहमीचाच, १०० एमबीपीएसचा. सोबत कंपनीचा दोन बँडचा राउटर, त्यातच ओएनटी, म्हणजे फायबरमधला प्रकाश वाचणारं यंत्र. बाकी तपशील तुम्हाला पाठ असतील.

जून लागला, साताऱ्याचा पाऊस सुरू झाला आणि लाइन बिघडली. पण वेग काही कमी झाला नाही. स्पीड टेस्ट लावली की ९५ च्या पुढेच आकडा यायचा. तरी बायकोच्या दहावीच्या ऑनलाइन वर्गात तिचा आवाज तुटायला लागला. मुलं म्हणायची, "मॅडम, परत सांगा." गणित शिकवताना एका ओळीतला एक शब्द गळला तरी पुढचं सगळं उदाहरण वाया जातं. दोन पालकांनी मुलं काढून घेण्याची भाषा केली, तेव्हा मात्र माझा संयम संपला.

हेल्पलाइनचा अनुभव तुम्हालाही असेलच. राउटर बंद करून चालू करा. केला. रीसेट करा. केला. मग मेसेज, "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे." घरी कोणी फिरकलेलंही नसताना! पुढच्या खेपेला एक मुलगा आला. मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली, ९६ दाखवलं आणि म्हणाला, "काका, स्पीड तर बरोबर येतोय. ओटीपी सांगा, तक्रार बंद करायची आहे." ओटीपी दिला नाही. तुम्हीही काम झाल्याशिवाय देऊ नका. तो आकडा म्हणजे तुमची सही असते, आणि सही झाली की तक्रार नव्याने नोंदवावी लागते, घड्याळ परत शून्यापासून चालू होतं.

मग स्वतःच शोधायला बसलो. आधी वाय-फाय. आमच्या इमारतीत प्रत्येक घरात राउटर, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. टीव्ही आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर टाकले, तर संध्याकाळी टीव्ही अडकायचा तो थांबला. हा फायदा फुकटात झाला, कोणीही करून घ्यावा. पण वर्गातला आवाज तुटतच होता. लॅपटॉपला लॅन केबल लावली, तरी तेच. म्हणजे दोष वाय-फायचा नव्हता. ही तपासणी सगळ्यात आधी करा. केबल लावून न तपासलेल्या तक्रारीवर कंपनी सरळ "तुमच्या घरात भिंती जास्त आहेत" असं उत्तर देते.

त्यानंतर बरेच दिवस माझं मत होतं की कंपनीने एका लाइनवर फार गिऱ्हाइकं कोंबली आहेत. या मताला आधारही होता. घरगुती फायबर बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धतीचं असतं. त्यात एका धाग्यातून सेकंदाला २.५ गिगाबिट, म्हणजे अडीच हजार एमबीपीएस, खाली येतात, १.२५ गिगाबिट वर जातात, आणि स्प्लिटर लावून तो धागा ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. ६४ घरांना १०० एमबीपीएस विकले तर बेरीज ६४०० होते, आणि हातात आहेत अडीच हजार. सगळे एकाच क्षणी पूर्ण वेगाने वापरत नाहीत म्हणून हे चालतं. मला वाटलं, पावसात सगळे घरी बसल्यामुळे आता चालेनासं झालं असेल.

हे मत बदललं ते राउटरच्या आतल्या एका पानामुळे, आणि या सगळ्या लेखात एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी मला पुरे. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका, बहुतेकदा १९२.१६८.१.१. लॉगिन बहुतेकदा राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतं. आत पॉन किंवा ऑप्टिकल नावाचा भाग शोधा. तिथे आरएक्स पॉवर असा आकडा दिसतो, डीबीएम या प्रकाशाची ताकद मोजायच्या मापात, आणि तो नेहमी उणे असतो. तुमच्या घरापर्यंत किती प्रकाश पोचतोय ते हा आकडा सांगतो; उणेपुढचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. जीपॉनच्या नेहमीच्या बी-प्लस वर्गात (यंत्रांचा एक ठरलेला दर्जा) घरच्या यंत्राला उणे ८ ते उणे २७ एवढ्या टप्प्यातला प्रकाश चालतो. उणे १८, उणे २० असेल तर निश्चिंत राहा. माझा होता उणे २७.४.

खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या राउटरवर बघितलं तर उणे २०. कंपनी तीच, स्प्लिटर तोच, म्हणजे गर्दीही तीच, आणि त्यांचे व्हिडिओ कॉल स्वच्छ चालले होते. गर्दीचा संशय तिथेच संपला. दोष होता खांबावरच्या डबीपासून माझ्या खिडकीपर्यंतच्या त्या थोड्याशा वायरमध्ये.

डीबीएमचा हिशोब सरळ वजाबाकीचा नाही. तीन डीबी गेले की प्रकाश निम्मा, दहा गेले की एक दशांश. काकूंच्या आणि माझ्या आकड्यात सातच्या वर फरक, म्हणजे त्यांच्या घरी पोचणाऱ्या प्रकाशाचा जेमतेम पाचवा हिस्सा माझ्याकडे येत होता. आणि प्रकाश कमी झाला म्हणून लाइन हळूहळू मंदावत नाही. काठावर येईपर्यंत सगळं ठीक चालतं, काठावर आलं की मधूनमधून माहितीची पाकिटं गळायला लागतात. स्पीड टेस्ट एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते आणि गळलेलं पुन्हा मागवून घेते, म्हणून तिच्यात ९६ दिसतात. व्हिडिओ कॉलमध्ये पुन्हा मागवायला वेळच नसतो. गळलेला शब्द गळलेलाच राहतो. तो मुलगा ९६ दाखवून खोटं बोलत नव्हता, पण त्या आकड्यात माझा आजार दिसणारच नव्हता.

बाहेर जाऊन वायर बघितली. खिडकीच्या गजाला ती अशी आवळून वळवली होती की काचेचा धागा आत जवळपास काटकोनात दुमडला होता, आणि वाकणीतून प्रकाश बाहेर सांडतो. त्याहून वाईट म्हणजे खांबाजवळ मध्येच एक जोड, दोन फास्ट कनेक्टर समोरासमोर लावलेले, वरून चिकटपट्टी. फास्ट कनेक्टरमध्ये काच वितळवून जोडलेली नसते, नुसती समोर आणून दाबून धरलेली असते. कोरड्या हवेत चालतं. पाणी आणि धूळ शिरली की जोड बिघडत जातो. मशिनने केलेल्या स्प्लायसिंगमध्ये दोन्ही टोकं वितळून एकजीव होतात, तोटा ०.१ डीबीच्याही आत राहतो, आणि वरून स्लीव्ह, म्हणजे संरक्षक नळी, घातली की पाऊस तिला शिवत नाही. फरक एवढा मोठा असूनही स्प्लायसिंग होत नाही, कारण मशीन महाग असतं आणि नवं कनेक्शन लावायला येणाऱ्या पोरांकडे ते दिलेलंच नसतं.

मग मी राउटरच्या पानाचा फोटो, खांबाचा फोटो आणि आधीच्या तक्रारींचे सगळे डॉकेट नंबर घेऊन अपील केलं. पुष्कळांना हे माहीत नसतं म्हणून सांगतो: ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरचं सरकारी नियामक प्राधिकरण, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. पण ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला दोन पायऱ्या ठेवाव्या लागतात, आधी तक्रार केंद्र आणि त्यावर अपील प्राधिकरण. अपिलाला पैसे लागत नाहीत. पत्ता कंपनीच्या साइटवर असतो, तळाशी, बारीक अक्षरात. हेल्पलाइनने जे आठवडेच्या आठवडे केलं नाही ते या एका मेलने झालं. दुसऱ्याच दिवशी मशीन घेऊन माणूस दारात.

हा तंत्रज्ञ मात्र कामाचा माणूस. खांबावरचा जोड कापला, स्प्लायसिंग केलं, खिडकीपाशी वायरला मोठा गोल वळसा दिला, पॉवर मीटर लावून मला आकडा दाखवला. उणे १९.६. प्रकाश सहापट. चहा घेताना म्हणाला, "काका, नवीन कनेक्शनचे पैसे ठरलेले असतात, म्हणून पोरं दिवसाला जमतील तेवढी लावतात. दुरुस्तीला वेगळं काही मिळत नाही." त्या दिवसापासून आजपर्यंत एकही वर्ग तुटलेला नाही. पाऊस त्यानंतर पुष्कळ झाला.

मला या बाजारावर राग आहे तो इथे. आपल्याकडे वेग आता स्वस्त आहे, हे मान्य. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे, २०१३ मध्ये ते ५१२ झालं, आणि २०२३ मध्ये कुठे व्याख्या २ एमबीपीएसवर आली. तोपर्यंत घराघरात १०० विकले जात होते. २०१९ मध्ये जिओफायबर सुरू झालं तेव्हा सगळ्यात खालचा प्लॅन ६९९ चा होता, वर्षभरात ३९९ चा आला आणि बाकीच्यांनाही खाली यावं लागलं. ग्राहकाचं भलंच झालं. पण दर एवढे खाली आल्यावर कंपन्यांची स्पर्धा उरली ती ओटीटीची किती ॲप सोबत देतो यात, आणि काटकसर होते ती खांबावरच्या जोडात. एका स्प्लायसिंगचा खर्च वाचवण्यासाठी माझ्या घरी इतक्या चकरा झाल्या, त्या चकरांचा खर्चही कंपनीच्याच माथी पडला असणार. विजेचा मीटर जसा घराबाहेर कोणालाही वाचता येतो, तसा प्रकाशाचा आकडा ग्राहकाला कंपनीच्या ॲपमध्ये पहिल्या पानावर दिसायला हवा. यंत्राला तो माहीत असतो, कंपनीच्या सर्व्हरलाही दिसतो. लपवायचं कारणच काय?

पैशाचं सांगायचं तर जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी धरा, ३९९ चे ४७०.८२ होतात. वर्षाचे आगाऊ भरले तर महिनाभर जास्त देतात, इन्स्टॉलेशन फुकट करतात. मी आगाऊच भरले होते, आणि भांडण चालू असताना ते पैसे कंपनीच्या खिशात असल्याचं मला पदोपदी जाणवलं. महिन्याचा ग्राहक सोडून जाईन म्हणू शकतो, आगाऊ भरलेला नाही. दुरुस्ती तीन कामाच्या दिवसांपलीकडे लांबली तर सात दिवसांच्या भाड्याची सूट, ही तरतूद ट्रायच्या २००६ च्या ब्रॉडबँड नियमावलीतच आली. मी ती लेखी मागितली तेव्हा मुदत वाढवून मिळाली. आपणहून कोणी दिली नाही.

एका बाबतीत मात्र या लाइनने मला मनापासून आनंद दिला, आणि तो न सांगणं अन्याय होईल. वादळात वीज गेली की पूर्वीच्या केबलवाल्याचं इंटरनेट जायचंच, कारण त्याचे स्विच गच्च्यागच्च्यांवर होते आणि प्रत्येकाला वीज लागायची. विजा कडाडल्या की ते जळायचेही. फायबरच्या वाटेत मधले स्प्लिटर नुसते काचेचे, त्यांना वीज लागतच नाही. लागते ती फक्त कंपनीच्या टोकाला आणि तुमच्या राउटरला. मी राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस जोडला. जुलैमध्ये महावितरणची लाइन संध्याकाळभर गेली होती, पंखे बंद, घरात मेणबत्ती, आणि लॅपटॉपच्या बॅटरीवर बायकोचा वर्ग शेवटपर्यंत चालला. यूपीएस घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवर किती अँपिअर लिहिलेत ते जुळवून घ्या.

बारीक तक्रार एक आहेच. कंपनी प्रत्येकाला स्वतंत्र आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, देत नाही, सीजीनॅटमागे बसवते (एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटते), त्यामुळे घरचा कॅमेरा बाहेरून थेट उघडत नाही. आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत चालू असल्याने माझं निभावलं. ज्यांच्याकडे कॅमेऱ्यांचा जुना डीव्हीआर (रेकॉर्डर) आहे त्यांनी आधी विचारून घ्या.

आता मुदत संपत आली आहे. याच कंपनीकडे राहणार, पण महिन्याचं बिल घेऊन. गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका कंपनीचा माणूस सोसायटीत आला होता, शंभर रुपयांनी स्वस्त, वर दोन ओटीटी. मी विचारलं, "दादा, जोड स्प्लायसिंगने करणार की फास्ट कनेक्टरने? आणि लावल्यावर मीटरवर आकडा दाखवणार का?" त्याच्या बॅगेत पॉवर मीटर नव्हता. मी त्याला सांगितलं, ज्या दिवशी मीटर घेऊन याल त्या दिवशी बोलू.