वेरूळच्या नावाने विकलेलं खोटं पत्र

फ्रेंच संगीतकारांची जुनी पत्रं आणि छापील स्वरलिप्या जमवणारी भारतीय माणसं थोडीच आहेत, आणि बरीचशी एकमेकांना ओळखतात. ज्याने मला गंडवलं तो माणूस आता मुद्दाम भारतीय गिऱ्हाइकं शोधतो आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी मूळची छत्रपती संभाजीनगरची. वेरूळ शाळेच्या सहलींपासून पाठ. पॅरिसला आल्यावर अल्बेर रूसेल हा संगीतकार मला सापडला, तो वेरूळमुळेच. तरुणपणी तो नौदलात अधिकारी होता. 1909 मध्ये तो नवपरिणीत पत्नीला घेऊन भारतात आला, आणि परत गेल्यावर त्याने ‘एव्होकासियाँ’ ही मोठी रचना लिहिली. तिच्या पहिल्या भागाचं नाव ‘गुहांच्या सावलीतले देव’, आणि त्या गुहा वेरूळच्या. दुसरा भाग जयपूरचा, तिसरा वाराणसीच्या गंगेचा. चितोडच्या आठवणीतून पुढे ‘पद्मावती’ ही ऑपेरा आली, ती पॅरिस ऑपेरात 1923 मध्ये पहिल्यांदा रंगमंचावर झाली. आपल्या कैलास लेण्यासमोर उभा राहिलेला माणूस त्याचा नाद कानात घेऊन जातो, आणि आपल्याकडे त्याचं नावही कुणाला ठाऊक नसतं, याचं मला फार वाटतं. तेव्हापासून रूसेलच्या भारतप्रवासाशी संबंधित कागद मिळेल तिथे शोधत होते.

हा माणूस मला जॉर्ज ब्रासाँस उद्यानातल्या शनिवार-रविवारच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात भेटला. त्याचा तिथे गाळा नव्हता. गिऱ्हाइकासारखाच फिरायचा आणि बोलता बोलता ओळख काढायचा. साठीचा, अभ्यासू, बोलायला गोड. पहिल्यांदा त्याने मला मास्ने या संगीतकाराचं दोन ओळी लिहिलेलं भेटकार्ड विकलं, मग दुसरा संगीतकार कामीय सँ-साँस याची आभाराची चिठ्ठी. सँ-साँसने आयुष्यभर अक्षरशः ढिगांनी पत्रं लिहिली, त्यामुळे त्याची साधी चिठ्ठी शंभर-दोनशे युरोंतही मिळू शकते. दोन्ही वस्तू अस्सल होत्या आणि भावही रास्त होता. पुढच्या मोठ्या व्यवहारासाठी त्याने टाकलेलं ते आमिष होतं.

मग त्याने विचारलं, ‘तुम्हाला नेमकं काय हवंय?’ मी रूसेल सांगितला, वेरूळ सांगितलं. काही आठवड्यांनी त्याचा फोन आला. एका जुन्या घराची आवराआवर चालली होती, तिथे रूसेलचं 1909 सालचं पत्र निघालं म्हणे. दोन पानी, भारतातून लिहिलेलं, कुठेही न छापलेलं. पहिल्या पानाचा आणि शेवटच्या सहीचा फोटो त्याने पाठवला. दुसऱ्या पानाचा मजकूर पाठवायला मात्र तयार नव्हता. अप्रकाशित पत्राचा मजकूर बाहेर फुटला की किंमत पडते, असं कारण त्याने दिलं. या धंद्यात असं कारण खरोखरच दिलं जातं, म्हणूनच ते पटतं. किंमत 1,400 युरो. रूसेलची साधी पत्रं याच्या कितीतरी खाली जातात, पण वेरूळचा उल्लेख असलेल्या पत्राला तेवढे पडतील असा त्याचा हिशेब होता. पैसे खात्यात जमा झाल्यावर पत्र टपालाने आलं.

दुसरं पान वाचलं आणि पायाखालची जमीन सरकली. त्यात वेरूळच्या भिंतींवरच्या रंगीत चित्रांचं भरभरून वर्णन होतं: हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, खाली झुकलेली नजर, दिव्याच्या उजेडात उजळणारे रंग. आमच्या भागातलं शाळकरी पोरही सांगेल की हे अजिंठ्याचं वर्णन आहे. कमळधारी पद्मपाणी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात आहे. वेरूळ म्हणजे कातळात कोरलेलं शिल्प, कैलास. तिथे चित्रांचे अवशेष आहेत, पण हे चित्र नाही. कुणीतरी प्रवासवर्णन चाळून दोन लेण्यांची खिचडी केली होती. त्याखालच्या परिच्छेदात ‘पद्मावती नावाची ऑपेरा मनात घोळते आहे’ असं वाक्य होतं. ‘पद्मावती’चा विषय निघाला तो पॅरिस ऑपेराच्या जाक रूशेने रूसेलकडे काम मागितल्यावर, पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर. 1909 मध्ये तिचं नाव कुठून येणार?

कागद भिंगाखाली धरला. कागद जुनाच होता, पिवळट, बुरशीच्या तपकिरी ठिपक्यांचा. जुन्या पुस्तकांची सुरुवातीची कोरी पानं काढून त्यांवर लिहिण्याची युक्ती जुनी आहे. त्यामुळे अतिनील दिव्याखालीही काही कळलं नाही. साधारण 1950 नंतरच्या पुष्कळ कागदांत उजळपणासाठी घातलेलं रसायन त्या दिव्याखाली निळसर चमकतं, तसं इथे चमकायचं कारणच नव्हतं. लबाडी उघडी पडली ती घडीपाशी. पत्र लिहून झाल्यावर घडी घालतात, म्हणजे शाई आधी आणि मोड नंतर. इथे कागदाची घडी आधीच झिजून भेगाळलेली होती, आणि तिच्यावरून लेखणी गेली तिथे शाई भेगेत उतरून केसासारखी दोन्ही बाजूंना पसरली होती. शाई पसरू नये म्हणून कागदाला लावलेली खळ जुन्या कागदावर मेलेली असते, त्यावर ताजी शाई अशीच फुटते. तो एक सेंटिमीटर मी कितीतरी वेळ पाहत बसले होते. जुन्या ग्रंथविक्रेत्यांच्या संघटनेतल्या एका जाणकार बाईंना दाखवलं, तर त्यांनी पहिलं बोट तिथेच ठेवलं. रूसेलची छापून आलेली पत्रं उघडून अक्षराची वळणंही त्यांनी समजावली.

त्या माणसाकडून घेतलेलं बाकीचं सगळं मग बाहेर काढलं. त्यात क्लोद देबुसीच्या ‘ला मेर’ या रचनेच्या स्वरलिपीची ‘पहिली आवृत्ती’ होती, मुखपृष्ठावर जपानी चित्रकार होकुसाईच्या चित्रातली लाट, आत पेन्सिलीने देबुसीची आद्याक्षरं. ‘ला मेर’ छापून आली 1905 मध्ये, आणि तेव्हा प्रकाशकाचं नाव ‘ए. द्युराँ ए फीस’ होतं. ‘द्युराँ ए कोंपान्यी’ हे नाव 1909 पासूनचं. माझ्या प्रतीवर हे नंतरचं नाव होतं, म्हणजे ती पहिली आवृत्ती नव्हतीच. आद्याक्षरं कुणाची, हे वेगळं सांगायला नकोच.

अशी सूचक खूण प्रत्येक संगीतकाराची असते, आणि किंमत मोजण्याआधी ती माहीत हवी. मोरिस राव्हेलचं उदाहरण घ्या. मेंदूच्या आजारामुळे 1933 पासून त्याला चार ओळी लिहिणंही फार जड जात होतं, सहीसुद्धा अवघड व्हायची. तो 1937 मध्ये गेला. 1936 सालचं, सफाईदार अक्षरातलं, लांबलचक ‘राव्हेलचं पत्र’ कुणी दाखवलं तर त्याला हातही लावू नका.

गिऱ्हाइकाला हवं तेच लिहून द्यायची ही रीत फ्रान्समध्ये जुनी आहे. 1860 च्या दशकात द्नी व्रँ-ल्युका नावाच्या भामट्याने मिशेल शाल या नामवंत गणितज्ञाला सत्तावीस हजारांवर खोटी पत्रं विकली. गुरुत्वाकर्षण न्यूटनच्या आधी पास्कालने शोधलं, असं सुचवणारी पत्रं त्यात होती, आणि शालने ती 1867 मध्ये विज्ञान अकादमीपुढे मांडली. क्लिओपात्रानेही त्यात फ्रेंचमधूनच लिहिलं होतं. 1870 मध्ये व्रँ-ल्युकाला दोन वर्षांची कैद झाली. शालला आपल्या देशाचा मान हवा होता, मला वेरूळचा. दोघांच्याही मनातलं आधी काढून घेतलं गेलं.

पैशांचं म्हणाल तर अजून एक युरोही परत आलेला नाही. माझ्या बाजूने फोन, ईमेल, नोंदणीकृत पत्र सगळं झालं, आणि वकिलाकडेही प्रकरण आहे. पावतीवर त्याने ‘एल.ए.एस.’ लिहिलं नव्हतं. फ्रेंच याद्यांत या तीन अक्षरांचा अर्थ सगळं पत्र त्याच हाताने लिहिलेलं आणि सही केलेलं असा असतो. नुसतं ‘एल.एस.’ म्हणजे मजकूर दुसऱ्याचा, सही तेवढी त्याची. माझ्या पावतीवर फक्त ‘जुनं पत्र, रूसेल’ एवढंच होतं. फ्रान्समध्ये 3 मार्च 1981 चा एक आदेश आहे. त्यानुसार विकत घेणाऱ्याने मागितलं तर वस्तूचं स्वरूप, उगम आणि काळ लिहून पावती द्यावीच लागते, आणि त्यातले शब्द विकणाऱ्यावर बंधनकारक ठरतात. पैसे देण्याआधी ही पावती शब्दशः मागा. वकिलांच्या मते फोनवरचं बोलणं आणि ईमेलमधला ‘रूसेलच्या हातचं’ हा उल्लेख आमच्या कामी येईल.

लंडनमधल्या एका ओळखीच्या मराठी गृहस्थांना गेल्या महिन्यात त्याच माणसाने लिओ देलिब या फ्रेंच संगीतकाराचं पत्र देऊ केलं आहे, भारतात घडणाऱ्या त्याच्या ‘लक्मे’ या ऑपेराबद्दल, ‘भारतीय माणसासाठी खास’. पहिल्या पानाचा फोटो पाठवला आहे. दुसऱ्या पानाचा मजकूर याही वेळी गुप्त आहे.