केळे, लवंग आणि बासमती : बेंगळुरूच्या ‘टॉइट’मधील बिअर
बेळगावहून कामानिमित्त बेंगळुरूला जाणाऱ्यांनी इंदिरानगरातील ‘टॉइट’ या २०१० पासूनच्या ब्रूपबमध्ये (स्वतःची बिअर तिथेच बनवणाऱ्या पबमध्ये) ‘बासमती ब्लाँड’ ही तांदूळ घातलेली फिकट बिअर अवश्य चाखावी. मात्र आपल्या बेळगाव बासमतीचा घमघमाट तीत शोधू नये, कारण आंबवताना तांदळाचा वास फारसा उरत नाही, त्याने बिअर हलकी आणि कोरडी होते इतकेच. गव्हाच्या ‘वाइस’ला मी अधिक गुण देईन. ती गाळलेली नसल्याने गढूळ दिसते, वर पांढरा दाट फेस टिकतो आणि पहिल्याच घोटाला पिकलेल्या केळ्याचा व लवंगेचा वास येतो, जी मसाल्याची नव्हे, यीस्टची करामत असते. ती अतिथंड पिऊ नये, वास दबतो. स्टाउट ही काळसर बिअर भाजलेल्या माल्टमुळे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यामुळे, कॉफीसारखी कडवट लागते आणि सोबत बेळगावचा कुंदा असता, तर जोडी नक्कीच जमली असती.